व्यापारी दाव्यांची वकिली: बिलाच्या तारखेपासून दरखास्तीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: एलएलबीचं शेवटचं वर्ष सुरू आहे, मुक्काम पुण्यात, कमर्शियल लिटिगेशनमध्ये जायचं मनात आहे. रोजचं काम नेमकं काय असतं, एक प्रकरण आरंभापासून शेवटपर्यंत कसं चालतं आणि पहिल्या काही वर्षांत काय शिकून घ्यावं?

एकच काल्पनिक प्रकरण धरून सांगतो. भोसरीतला एक लहान कारखाना चाकणच्या एका कंपनीला सुटे भाग पुरवतो. ४२ लाखांची बिलं थकली आहेत. मालक फाईल घेऊन येतो आणि विचारतो, "केस टाकायची, किती दिवस लागतील?" त्याचं उत्तर लगेच देऊ नका. आधी फाईल सोडून सगळे कागद टेबलावर पसरा. फाईलमध्ये असतं ते मालकाला महत्त्वाचं वाटलेलं. निकाल फिरवणारा कागद बहुतेक वेळा अकाउंटंटच्या मेलमध्ये किंवा गेटवरच्या आवक रजिस्टरमध्ये सापडतो.

पहिलं काम तारखांचा तक्ता. प्रत्येक बिलाला एक ओळ: पर्चेस ऑर्डर, डिलिव्हरी चलन, ई-वे बिल, माल मिळाल्याची पोच, बिलाची तारीख, उधारीची मुदत, पैसे देय झाल्याची तारीख, आलेली रक्कम, दाव्याची शेवटची तारीख. शेवटच्या रकान्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी मुदत तीन वर्षांची, पण ती कधीपासून मोजायची यात लोक चुकतात. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद १४ प्रमाणे माल पोचल्यापासून, ठरलेली असेल तर अनुच्छेद १५ प्रमाणे ती संपल्यापासून. १० एप्रिल २०२३ ला माल बिलासह पोचला, बिलापासून ६० दिवसांची उधारी, म्हणजे ९ जून २०२३ ला पैसे देय आणि दाव्याची शेवटची तारीख ९ जून २०२६. उधारीची अट ऑर्डरवर असेल आणि बिलावर नसेल, तर समोरचा वकील याच बिलाची मुदत १० एप्रिल २०२६ ला संपली म्हणणार. दोन महिन्यांत किती बिलं बाद होतात ते तक्त्यावर लगेच दिसतं.

"चालू खातं आहे, शेवटच्या व्यवहारापासून मोजू" हे वाक्य वारंवार ऐकू येईल. त्यावर विसंबू नका. अनुच्छेद १ परस्पर व्यवहाराच्या खात्याला लागतो, म्हणजे देणं-घेणं दोन्ही बाजूंनी उभं राहणारं खातं. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने पैसे, एवढ्याने खातं परस्पर होत नाही. मुदत वाढवणाऱ्या खऱ्या गोष्टी दोनच: कलम १८ ची लेखी, सही असलेली कबुली आणि कलम १९ चा अंशतः भरणा. दोन्ही मूळ मुदत संपण्याआधी हव्यात. मार्चअखेरचं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे एवढी बाकी मान्य असल्याचं पत्र, सही-शिक्क्यासह मिळालं असेल तर ते सोन्यासारखं जपा. भरण्याचं लेखी चिन्ह देणाऱ्याच्या हातचं किंवा सहीचं लागतं. चेकने ते भागतं, पण नुसत्या बँक ट्रान्सफरवर वाद होतो. म्हणून "अमुक रक्कम अमुक बिलापोटी पाठवली" असा मेल त्याच दिवशी मागून घ्यायची सवय अशिलाला लावावी.

ठोक रकमा हा आणखी एक सापळा. कंपनी "ऑन अकाउंट" पाच लाख पाठवते, बिल नंबर देत नाही. करार कायद्याच्या कलम ५९ ते ६१ प्रमाणे देणाऱ्याने सांगितलं तर ती रक्कम त्या बिलात, नाही सांगितलं तर घेणाऱ्याने ठरवायचं, दोघांनीही काही केलं नाही तर तारखेच्या क्रमाने. जुन्या बिलात रक्कम जिरली तर जुनं बिल वाचतं. अकाउंटंटने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सोयीने नव्या बिलासमोर टाकली, तर जुनं उघडं पडतं आणि मुदत संपून जातं. लेजर, म्हणजे खातेवही, ज्याने लिहिलं त्याच्याशी अर्धा तास बोलल्याशिवाय वादपत्राला, म्हणजे दावा मांडणाऱ्या मूळ कागदाला, हात लावू नये.

दुसरी तपासणी वादी कोण याची. पहिल्याच मुद्द्यावर दावा पडतो तो इथे. भागीदारी संस्था नोंदलेली नसेल, तर भागीदारी कायद्याच्या कलम ६९(२) मुळे करारावरचा दावा चालत नाही, आणि भागीदारांची नावंही संस्थेच्या नोंदवहीत लागतात. प्रोप्रायटरी असेल तर दावा मालकाच्या नावाने. दुकानाच्या नावावर समोरच्याला दावा लावता येतो, दुकानाला स्वतः लावता येत नाही. कंपनी असेल तर सही करणाऱ्याचा अधिकार आणि ठराव. ठराव मागाहून करून चूक दुरुस्त होते, पण उलटतपासात साक्षीदाराला त्याच कागदावर अर्धा दिवस घालवावा लागतो.

मग दार कुठलं ठोठवायचं? थकबाकी ४२ लाख असेल तर दिवाळखोरी संहितेचं दार बंद आहे. तिथली किमान रक्कम मार्च २०२० पासून १ कोटी आहे. १ कोटीच्या वर असती तरी मालाच्या दर्जाबद्दल नोटिशीआधीचा वाद मेलवर दिसत असेल, तर २०१७ च्या मोबिलॉक्स निकालानंतर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा संहितेच्या कलम ९ चा अर्ज टिकत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि माल देण्याआधी त्याची उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या म्हणजे एमएसएमई कायद्याच्या कलम १८ ची, थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सुविधा परिषद आहे. तिथलं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही ७५ टक्क्यांची अटच परिषदेचं खरं बळ आहे. नोंदणी मालाच्या नंतरची असेल तर मात्र २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालाचा अडसर येतो. तेव्हा प्रमाणपत्रावरची तारीख आणि पहिल्या चलनाची तारीख शेजारी ठेवून बघा.

पर्चेस ऑर्डरची मागची बाजू वाचायला विसरू नका. बारीक अक्षरात लवादाचं, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खाजगी पंचाकडे नेण्याचं, कलम असतं. ते असूनही दावा लावला, तर प्रतिवादी पहिलं उत्तर देण्याआधी लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज करतो आणि वर्ष वाया जातं. "लवाद आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील" असं लिहिलं असेल तर ती एकतर्फी नेमणूक आता टिकत नाही, पण लवादाचं कलम उरतंच. चेक परत आला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी मार्ग सोबत चालू ठेवता येतो: परतीची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, त्यानंतर एका महिन्यात तक्रार.

हे सगळं वगळून वाणिज्यिक न्यायालयात जायचं ठरलं, तर २०१५ चा वाणिज्यिक न्यायालये कायदा लागतो. २०१८ च्या दुरुस्तीने किमान मूल्य १ कोटीवरून ३ लाखांवर आलं, म्हणून आज चाकण-भोसरीचा जवळजवळ प्रत्येक वसुलीचा दावा याच चौकटीत बसतो. मूल्य काढताना दाखल करण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज धरतात. ४२ लाखांवर १८ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज १५ लाख १२ हजार, म्हणजे दावा ५७ लाख १२ हजारांचा. व्याज मागायचं तर दर, त्याचा आधार, कधीपासून आणि दाखल झाल्यानंतर दररोज किती, हे वादपत्रात लिहावं लागतं. इथे रोजचे २,०७१ रुपये होतात. करारात व्याजाची अट नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे ज्या लेखी नोटिशीत व्याज मागितलं त्या तारखेपासून ते मिळू शकतं. म्हणून पहिल्या नोटिशीत व्याजाचं वाक्य हवंच. ते गाळलेल्या नोटिशी आजही सर्रास निघतात.

दाव्याआधी मध्यस्थी. ती सांगणारं याच कायद्याचं कलम १२अ सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशनच्या निकालात ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, आणि २० ऑगस्ट २०२२ नंतरचा दावा मध्यस्थीशिवाय आला तर वादपत्र फेटाळलं जातं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, शुल्क १,००० रुपये. समोरचा आलाच नाही तर "नॉन-स्टार्टर", म्हणजे मध्यस्थी सुरूच झाली नाही, असा अहवाल मिळतो. तो वादपत्राला जोडायचा. आला तर तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. हा काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्या भरवशावर शेवटच्या आठवड्यात अर्ज करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. तातडीचा अंतरिम आदेश खरोखर हवा असेल तर मध्यस्थी टळते. ती टाळण्यापुरता अर्ज चिकटवला असेल तर न्यायालय तो ओळखतं, आणि यामिनी मनोहर निकालाने २०२३ मध्ये तसा अधिकार स्पष्ट केला आहे. मध्यस्थीला निव्वळ औपचारिकता समजणारे वकील एक गोष्ट हातची घालवतात: समोरचा पैसे का देत नाही हे कळण्याची ही पहिली जागा असते. माल खराब होता, की त्याच्याच वरच्या कंपनीने त्याचे पैसे अडवले आहेत? तिथे झालेलं बोलणं गोपनीय असतं, पुराव्यात वापरता येत नाही. पण पुढची दिशा ठरवायला कामी येतं.

वादपत्र तयार करताना साध्या दिवाणी दाव्याची सवय सोडावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ प्रमाणे ताब्यातले सगळे संबंधित कागद वादपत्रासोबतच द्यायचे, आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा. मागून कागद आणायचा तर परवानगी आणि आधी न देण्याचं पटेल असं कारण. "ऑफिस शिफ्ट झालं, कागद सापडत नव्हते" हे कारण आता फारसं चालत नाही. वादपत्राला ठरलेल्या नमुन्यातलं स्टेटमेंट ऑफ ट्रुथ, म्हणजे मजकूर खरा असल्याचं निवेदन, लागतं. ते नसेल तर त्या कथनावर पुरावा म्हणून भिस्त ठेवता येत नाही. कोर्ट फी मूल्याप्रमाणे. महाराष्ट्रात २०१८ पासून तिची कमाल १० लाख रुपये आहे. अशिलाला हा आकडा पहिल्याच बैठकीत सांगा.

व्हॉट्सअॅपवर माल मिळाल्याची कबुली असेल तर स्क्रीनशॉट छापून लावणं पुरेसं नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, शिवाय फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदलली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा. फोन बदलायच्या आधी पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून हॅश काढून ठेवायला सांगा. कर्मचारी नोकरी सोडतो, फोन घेऊन जातो, आणि सगळ्यात चांगला पुरावा त्याच्यासोबत जातो.

रक्कम ठरलेली आणि करार लेखी असेल तर त्याच संहितेच्या आदेश ३७ चा समरी, म्हणजे झटपट पद्धतीचा, दावा करता येतो. प्रतिवादीने समन्सनंतर १० दिवसांत हजेरी लावायची, मग जजमेंटचं समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत लीव्ह टू डिफेंडचा, म्हणजे बचाव करायच्या परवानगीचा, अर्ज. २०१६ च्या हबटाऊन निकालात परवानगी बिनशर्त कधी, रक्कम भरण्याच्या अटीवर कधी, याच्या पायऱ्या दिल्या आहेत. व्यवहारात लढाई असते ती या अटीसाठी. २० लाख भरायची अट लागली की तडजोडीची भाषा सुरू होते.

आता दुसऱ्या बाजूने बघा, कारण निम्मी कामं प्रतिवादीची येतात. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. कारण आणि खर्च देऊन १२० दिवसांपर्यंत. १२१ व्या दिवशी हक्क संपतो, न्यायालयालाही तो वाढवता येत नाही. २०१९ च्या एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स निकालापासून यात शंका उरलेली नाही. म्हणून वकीलपत्र घेताना पहिला प्रश्न: समन्स कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती पडलं? "मागच्या महिन्यात कधीतरी" हे उत्तर मान्य करू नका, बेलिफाचा अहवाल बघा. कैफियतीत "परिच्छेद ७ मान्य नाही" एवढं लिहून भागत नाही. का मान्य नाही आणि तुमची हकीकत काय, दोन्ही लिहावं लागतं. नाहीतर ते मान्य धरलं जाऊ शकतं.

अशा दाव्यात बचाव बहुधा एकच असतो: माल निकृष्ट होता. त्याला उत्तर माल विक्री कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. वाजवी काळ माल ठेवून घेतला आणि नाकारल्याचं कळवलं नाही, तर स्वीकारला असं धरतात. पण स्वीकारलेल्या मालातल्या दोषापोटी किंमत कमी करून मागण्याचा खरेदीदाराचा हक्क कलम ५९ खाली उरतो, हे वादीच्या वकिलाने विसरू नये. उलटतपास इथे मेहनतीचं फळ देतो. प्रश्न कागदावरून विचारायचे. या बिलांचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेतलंत का? १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, ते केलंत का? डेबिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) काढली का, कोणत्या तारखेची, वादीच्या नोटिशीच्या आधीची की नंतरची? वर्षाची खरेदी ५० लाखांवर गेली असेल तर टीडीएस कापला असण्याची शक्यता असते. वादीच्या फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी तपशिलात, त्याची नोंद दिसते, आणि ती नोंद म्हणजे प्रतिवादीने बिल स्वतःच्या वहीत घेतल्याची खूण. चार "हो" मिळाले की थांबा. "मग पैसे का दिले नाहीत?" हा पाचवा प्रश्न विचारला की साक्षीदाराला भाषण करायची संधी मिळते.

कागदोपत्री वेळापत्रक फार देखणं आहे. दाव्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्या पहिल्या केस मॅनेजमेंट सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद पूर्ण, त्यानंतर ९० दिवसांत निकाल. प्रत्यक्षात न्यायाधीशांच्या बदल्या, मुंबईतली आणि जिल्ह्यातली बोर्डाची (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीची) गर्दी, साक्षीदाराची गैरहजेरी यांत ते ताणलं जातं. अशिलाला कायद्यातली मुदत सांगू नका, त्या न्यायालयातली चाल बघून सांगा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) टाकून तिथल्याच चार निकाली दाव्यांचा रोजनामा, म्हणजे तारीखवार नोंद, वाचलात की अंदाज येतो.

शिक्षणाबद्दल. वकिलीची सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून, मग अखिल भारतीय बार परीक्षा. पगारी पूर्णवेळ नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, हे कंपनीच्या लीगल विभागाची ऑफर आली तर लक्षात ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, अजूनही सॉलिसिटरने प्रकरण तयार करून ब्रीफ करायचं आणि काउन्सेलने न्यायालयात उभं राहायचं ही विभागणी बऱ्याच अंशी चालते. पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात एकच माणूस नोटिशीपासून उलटतपासापर्यंत सगळं करतो. शिकायला दुसरं बरं, मोठ्या रकमेचं काम बघायला पहिलं. सुरुवातीची तीन वर्षं जिल्हा न्यायालयात काढावीत, असं माझं मत आहे. न्यायालयाच्या फाईलमधली निशाणी १ म्हणजे वादपत्र आणि निशाणी ५ म्हणजे मनाईचा अर्ज, हे पुस्तकात नसतं. टॅली, जीएसटी परतावे आणि बॅलन्स शीट वाचता येणं हे तुम्हाला सोबतच्या ज्युनिअरपेक्षा पुढे नेईल. त्यासाठी एखाद्या सीएच्या ऑफिसात दोन महिने बसलात तरी पुरे. फी पायरीपायरीने ठरवून लेखी घ्या: नोटीस, मध्यस्थी, वादपत्र, पुरावा, युक्तिवाद. वसुलीच्या टक्क्यांवर फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत गैरवर्तन आहे, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

ज्युनिअर असताना दरखास्तीची, म्हणजे हुकूमनामा (दाव्याच्या निकालातला आदेश) अमलात आणण्याची, कामं मागून घ्या. हुकूमनामा झाल्यावर सिनिअरचं लक्ष उडतं आणि अशिलाचा मुख्य प्रश्न तिथून सुरू होतो. हुकूमनाम्याची मुदत १२ वर्षांची असली तरी पहिले तीन महिने मोलाचे. कंपनीविरुद्धचा हुकूमनामा संचालकांच्या घरावर जात नाही, वैयक्तिक हमी नसेल तर. म्हणून हमीपत्राचा शोध दाव्याच्या वेळीच घ्यायचा. निकालापूर्वी जप्ती हवी असेल तर मालमत्ता हलवत असल्याचं ठोस दाखवावं लागतं. नुसती रक्कम मोठी असल्याने ती मिळत नाही. हुकूमनाम्यानंतर आदेश २१ नियम ४१ खाली मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. ते दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. बँक खात्याचा तपशील वेगळा शोधायची गरज नसते. प्रतिवादीने पूर्वी ज्या खात्यातून पैसे पाठवले तो नंबर वादीच्या स्टेटमेंटमध्ये असतो. दुसरी जागा म्हणजे प्रतिवादीचे ग्राहक. चाकणची कंपनी ज्या मोठ्या कारखान्याला माल देते, त्याच्याकडचं तिचं येणं आदेश २१ नियम ४६अ खाली गोठवता येतं. अपील झालं तर स्थगितीसाठी रक्कम भरण्याचा आग्रह धरा. आणि दर सोमवारी एनसीएलटीचा, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा, बोर्ड बघा: प्रतिवादीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की मोरेटोरियममुळे (वसुलीवरच्या स्थगितीमुळे) दरखास्त थांबते, आणि मग ती प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे दावा वेळेत भरणं एवढंच हातात उरतं.